'योर' आणि आईचं 'पोरसाल'

उन्हाळ्यात माहेरी सोनाळ्याला गेले होते. संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव. दुपारी पानं वाढताना आई नातीला म्हणाली, "पोरी, पोरसालच्या लोनच्याची बरनी आन. परारची राहू दे." लगेच वहिनी म्हणाली, "आई, तिच्यासमोर असं गावठी नका बोलू. शाळेत हसतात तिला." आई गप्प झाली, ती जेवण होईपर्यंत बोललीच नाही.

संध्याकाळी तीच भाची इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली. "आत्या, 'डेज ऑफ योर' म्हणजे काय गं?"

तुमच्याही घरी हा प्रश्न येईल, म्हणून सांगते. 'योर' म्हणजे फार फार पूर्वीचा काळ, आपल्या कहाणीतल्या आटपाट नगराचा! जुन्या इंग्रजीतल्या 'गेआरा'पासून तो आला. आता मात्र 'ऑफ'चं बोट धरल्याशिवाय तो सहसा चालत नाही. गोष्टीत, कवितेत किंवा थट्टेत शोभतो. मागच्या वर्षीच्या सहलीच्या निबंधात तो घालू नये. तिथे साधं 'लास्ट इयर' बरं. आणि 'तुझा' या अर्थाच्या 'युअर'शी गल्लत नको. याचं स्पेलिंग वाय-ओ-आर-ई.

मग मीच तिला विचारलं, "लास्ट इयरच्या आधीचं वर्ष, ते इंग्रजीत कसं म्हणशील?" ती बोटं मोजत म्हणाली, "द इयर बिफोर लास्ट. चार शब्द!" म्हटलं, "तुझी आजी एकाच शब्दात सांगते, परार. गेलं वर्ष ते पोर. संस्कृतातल्या 'परुत्' आणि 'परारि'चे हे वंशज. पाणिनीच्या व्याकरणात दोन्ही आहेत. त्यांना गावठी कसं म्हणायचं?"

वहिनी पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. तिचंही चुकत नव्हतं हो. लेकीला कुणी हसू नये, एवढंच तिला वाटत होतं. पण मुलांना दोन्ही बोलता येतं. शाळेत 'मागच्या वर्षी' म्हणतील, घरी 'पोरसाल'. घरातच तोंड मिटवलं, तर शब्द जातो आणि म्हातारं माणूसही अबोल होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनीनेच विचारलं, "आई, पोरसालची काढू का परारची?"

आई म्हणाली, "परारची काढ. मुरली असंन आता."