एहराम उतरल्यावर

उमऱ्याहून आलेल्या माणसाला गावात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. काबा पहिल्यांदा नजरेस पडला तेव्हा कोणती दुआ मागितली, आणि जमजम किती आणले? माढ्याला परतल्यावर आम्हालाही घरोघरी हेच विचारले गेले. आमच्या नऊ वर्षांच्या धाकट्याला मात्र या दोन्ही प्रश्नांत रस नव्हता. आलेल्या पाहुण्यांपुढे खजुराची बशी ठेवता ठेवता तो एकच बातमी सांगे, "ताइफच्या घाटात माकडाने दादीची पिशवी पळवली!"

बातमी खरी होती. मक्केतला पहिला उमरा झाल्यावर आम्ही एक दिवस ताइफच्या जियारतीला निघालो. मक्केची खोलगट, तापलेली जमीन मागे पडली आणि अल्-हदाच्या घाटाची वळणे सुरू झाली. ताइफ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे. जसजसे वर जावे तसतशी हवा गार होत जाते. वाळवंटी देशात अंगावर शाल ओढावी लागेल असे अम्मीला वाटले नव्हते. घाटाच्या कठड्यावर बबून जातीच्या माकडांचे एक मोठे कुटुंबच बसले होते. नरांच्या खांद्यांवर चंदेरी राखाडी आयाळ, गुलाबी तोंडे, माद्यांच्या पोटाला बिलगलेली पिल्ले.

गाडी थांबताच धाकट्याने काचेतून एक बिस्कीट बाहेर टाकले. रत्नागिरीकडचा ड्रायव्हर "नको, नको" म्हणेपर्यंत एका थोराड नराने खिडकीतून हात घातला आणि अम्मीच्या मांडीवरची पिशवी ओढून नेली. बिस्किटे त्याने ठेवून घेतली. ब्लड प्रेशरच्या गोळ्या रस्त्यावर विखुरल्या. त्या आम्ही वेचल्या.

"खाला, यांना काही घालू नका. इथे त्याला बंदी आहे," ड्रायव्हर अम्मीला म्हणाला.

अम्मीला ते पटेना. "मुक्या जनावराला घास देणे सवाबाचे काम आहे. हरममध्ये लोक कबुतरांना दाणे टाकतात ना?"

तो नरमाईने म्हणाला, "हातचे खायला मिळाले की ही रस्ता सोडत नाहीत. मग गाड्यांखाली सापडतात. कुणाला चावलीही तर लोक यांच्याच जिवावर उठतात."

अम्मी गप्प झाली. आम्हीही विचारात पडलो. या डोंगरांत पूर्वी बिबट्या होता आणि तो माकडांच्या संख्येवर वचक ठेवून असे. अरबस्तानातला बिबट्या आज जवळजवळ संपला आहे. त्यात माणसांचा कचरा आणि प्रवाशांची बिस्किटे. माकडे वाढली, धीट झाली आणि आता लोकांना नकोशी झाली. आपण दया म्हणून जे करतो ते त्या जिवाला मानवेल का, हेही पाहावे लागते.

ताइफहून परतताना हदाजवळच्या मीकातवर आम्ही दुसऱ्या उमऱ्यासाठी एहराम बांधला. धाकटाही दोन पांढऱ्या चादरींत ऐटीत बसला होता. उताराला लागण्याआधी गाडी थोडी थांबली. समोर पुन्हा तीच माकडे. सकाळचा राग त्याच्या मनात होताच. त्याने गुपचूप दगड उचलला.

"टाक तो खाली," अम्मी म्हणाली. "एहराममध्ये आहेस. आणि ताइफच्या पोरांच्या हातातले दगड विसरलास? सकाळीच सांगितले ना?"

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर ताइफच्या लोकांनी मुले सोडली, दगडांनी त्यांचे पाय रक्ताळले, आणि तरीही त्यांनी त्या लोकांचा सूड इच्छिला नाही, हे अम्मीने त्याला मशिदीच्या सावलीत बसवून सांगितले होते. त्याने दगड टाकला. पण गाडी सुरू झाल्यावर विचारले, "दादी, मग माढ्याला गेल्यावर मारायचा का?"

वाचकहो, आम्हाला या प्रश्नाचे उत्तर लगेच देता आले नाही.

एहरामच्या काळात जमिनीवरची शिकार हराम आहे. सूरह माइदाच्या 94 ते 96 या आयतींत हा हुकूम आला आहे. शिकार अगदी हाताच्या अंतरावर आणून अल्लाह माणसाची परीक्षा पाहील, असे तिथे बजावले आहे, आणि कुणी जाणूनबुजून शिकार केलीच तर त्याची भरपाईही ठरवून दिली आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांची हदीस प्रसिद्ध आहे. ते स्वतः एहराममध्ये नव्हते. त्यांनी एका रानगाढवाची शिकार केली. सोबतचे सहाबा एहराममध्ये होते, म्हणून ते मांस खावे की नाही असा प्रश्न पडला. तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले, तुमच्यापैकी कुणी त्याला शिकार करायला सांगितले होते का, बोटाने दाखवली होती का? म्हणजे बोट दाखवणेही हिशेबात धरले जाते.

एहराम उतरला की गरजेसाठी शिकार हलाल आहे. पण गंमत म्हणून जीव घ्यायला मोकळीक मिळते, असा त्याचा अर्थ नव्हे. अबू दाऊदमध्ये एका प्रवासाची हदीस आहे. काही सहाबांनी एका लहानशा पक्ष्याची दोन पिल्ले उचलली. आई वर घिरट्या घालू लागली. प्रेषितांनी (स.) विचारले, हिच्या पिल्लांवरून हिला कुणी दुःख दिले? पिल्ले परत ठेवा. कुरआनने तर सूरह अन्आमच्या 38व्या आयतीत जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे सारे जीव आपल्यासारख्याच उम्मती आहेत असे सांगितले आहे.

त्या देशानेही हे विसरण्याची किंमत मोजली आहे. अरबस्तानात 'महा' नावाचे एक पांढरे हरण असते. त्याची शिंगे लांब आणि सरळ असतात. बंदुका आणि मोटारी आल्या तशी त्याची बेसुमार शिकार झाली आणि 1972 मध्ये ओमानात रानातला शेवटचा महा मारला गेला. नशिबाने काही हरणे आधीच प्राणिसंग्रहालयांत वाढवली जात होती. त्यांची पिल्ले 1982 मध्ये ओमानात आणि 1990 मध्ये सौदी अरेबियात, ताइफच्या ईशान्येकडे महाजतुस्सैद येथील कुंपण घातलेल्या दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या क्षेत्रात सोडली गेली. महा परत आला. पण ओमानात चोरटी शिकार पुन्हा सुरू झाली, राखीव क्षेत्र 90 टक्क्यांनी घटवले गेले आणि 2007 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीतून वगळले गेले. परत मिळालेली अमानतही अशी हातची जाऊ शकते.

हे वाचताना आम्हाला माढाच आठवत होता. आमचा तालुका माळढोक अभयारण्याच्या मूळ क्षेत्रात होता. 1979 मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतले जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र या एका पक्ष्यासाठी जाहीर झाले. मीटरभर उंचीचा, भारदस्त चालीचा माळढोक अम्मीने लहानपणी शेरडांच्या मागे फिरताना पाहिला आहे. पण अभयारण्यात गावे, शेते, रस्ते सगळेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि पक्ष्याचे नाव काढले की लोक चिडू लागले. त्यांची अडचण खोटी नव्हती. पुढे क्षेत्र घटवून सुमारे 1,222 चौरस किलोमीटर केले गेले. दरम्यान उजनीचे पाणी आले, माळावर ऊस आला, विजेच्या तारा आल्या. माळढोक जमिनीवर अंडे घालतो, तेही बहुधा एकच. जड असल्यामुळे उडताना त्याला समोरची तार चटकन चुकवता येत नाही. आज सोलापूरच्या माळावर तो दिसणे हीच बातमी ठरते. देशभरातही दीडशेच्या आसपासच उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानच्या वाळवंटात आहेत.

तिथे जैसलमेर जिल्ह्यात त्याची पैदास केली जाते. ऑक्टोबर 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून माळढोकाचे पहिले पिल्लू जन्मले. हे तंत्र आपल्या शास्त्रज्ञांनी अबू धाबीत शिकून घेतले. अरब लोक पिढ्यान्‌पिढ्या ससाण्याने ज्याची शिकार करत आले, तो माळढोकाचा धाकटा भाऊबंद हुबारा तिकडे याच पद्धतीने वाढवतात. शिकाऱ्यांच्या देशात मिळालेली विद्या आपल्या पक्ष्याच्या कामी आली, ही अल्लाहची कुदरत.

तर धाकट्याच्या प्रश्नाचे उत्तर. ते आम्ही शब्दांत दिलेच नाही. घरी आल्यावर अम्मीने त्याची बेचकी कपाटात ठेवली आणि म्हणाली, "मागायला येशील तेव्हा आधी सांग, कशाला हवी." अजून तो आलेला नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे बांध पेटवायची रीत आहे. गवत जळते, त्याबरोबर अंडी, पिल्ले, सरडेही जळतात. यंदा आम्ही आमचा बांध पेटवला नाही. शेजारच्या चाचांनी विचारले, "आळस की काय?" आम्ही हसून हो म्हटले. परवा नांगरट चालू असताना एक टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली. धाकट्याने ट्रॅक्टर थांबवायला लावला. ढेकळांत मातीच्याच रंगाची चार अंडी होती. त्याने चार दगड उचलले आणि अंड्यांच्या भोवती चार कोपऱ्यांना ठेवले. ट्रॅक्टरने तेवढी जागा सोडून वळसा घेतला.