मुलगे ग्राउंडवर, मुली हॉलमध्ये

दहावीत असताना एकदा शिपाईमामा वर्गात नोटीस घेऊन आले. मुलींनी हॉलमध्ये बसायचं, मुलग्यांनी ग्राउंडवर जायचं. हॉलमध्ये नॅपकिनच्या कंपनीच्या एक ताई आल्या होत्या. त्यांनी वीस मिनिटांत पाळी उरकली आणि प्रत्येकीला एक फुकट पाकीट दिलं. ‘दप्तरात तळाशी ठेवा गं,’ आमच्या बाई हळूच म्हणाल्या. मुलग्यांना फुटबॉल मिळाला. कोल्हापुरात पोराला भर तासाला फुटबॉल मिळाला तर हॉलमध्ये काय चाललंय हे विचारणार कोण? ते पाटाकडील भारी की प्रॅक्टिस क्लब भारी, यावर भांडत परत आले. विज्ञानाच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा ‘घरी वाचून काढा’ या सदरात गेला.

आमची दहावीची परीक्षा २००७ ची. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला. पुस्तिकांमधली चित्रं अश्लील आहेत, मुलं बिघडतील, आपली संस्कृती काय म्हणेल! एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही बाकांवरचे आमदार या मुद्द्यावर एक झाले आणि महाराष्ट्राने शाळेतल्या लैंगिक शिक्षणाला बंदी घातली. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटकही त्याच रांगेत होते. आम्ही तेव्हा सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजत होतो. मुलगे तिथे काय शिकत होते, हे आमदारसाहेबांना कुणी विचारलं नाही.

गंमत म्हणजे हे सगळं कोल्हापूरला नवं नव्हतं. आपल्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे ना. सी. फडके (हो, तेच, आज्जीच्या कपाटातल्या प्रेमकथांवाले) यांनी १९२७ मध्ये भारतातल्या लैंगिक प्रश्नावर आणि संततिनियमनावर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. प्रस्तावना होती अमेरिकेच्या मार्गारेट सँगरबाईंची. त्यातलं ‘सुप्रजननाचं’ तत्त्वज्ञान आज वाचताना अंगावर येतं, पण प्रोफेसरांनी विषय टाळला नाही, हे मान्य करायला हवं. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. वाचक खाजगी शंका विचारायचे, कर्वे छापून उत्तर द्यायचे. या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. तरी खटला हरले, दंड झाला. म्हणजे प्रश्न विचारणारे सुटले आणि उत्तर देणारा अडकला. आजही शाळेतल्या बाई-सरांना नेमकी हीच भीती वाटते, आणि मला ती खोटी वाटत नाही. उद्या पालक मोर्चा घेऊन आले तर त्यांच्या बाजूने कोण उभं राहणार?

हे सगळं आठवलं गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी. आमच्या ऑफिसतर्फे राधानगरी रोडवरच्या एका हायस्कुलात कार्यक्रम होता. एक स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर, मी आणि आमच्याच बॅचचा, आता माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसणारा एक इंजिनिअर. त्याला आपण पक्या म्हणू. डॉक्टरांची एकच अट होती, मुलगे-मुली एकाच वर्गात. मुख्याध्यापक दोन दिवस विचार करून हो म्हणाले. बुटाच्या खोक्याला भोक पाडलं आणि पोरांना सांगितलं, नाव न घालता चिठ्ठ्या टाका.

वाटलं, फाजील काहीतरी येईल. आलंही थोडं. पण बाकीच्या चिठ्ठ्या बघा. ‘मोबाईलमध्ये दाखवतात तसं खरं असतं का?’ ‘रात्री चड्डी ओली होते, मला रोग झालाय का?’ ‘पाळीत शेतात का जाऊ देत नाहीत?’ डॉक्टर फळ्यावर चित्रं काढत होत्या. पहिली पाच मिनिटं खुसखुस, मग सगळे गप्प. तिसऱ्या बाकावरचा एक जण तर वहीत उतरवून घेत होता, परीक्षेला येणार असल्यासारखा!

एक चिठ्ठी डॉक्टरांनी वाचली आणि मोठ्याने न वाचता पर्समध्ये ठेवली. नंतर मला दाखवली. पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘घरातले एक जण जवळ घेतात ते नको वाटतं. सांगितलं तर आई मरेल म्हणतात.’ त्या वर्गाला एवढंच म्हणाल्या, आपल्या अंगाला आपल्याला नको असताना कुणी हात लावला तर चूक आपली नसते, घरचा माणूस असला तरी नसते. १०९८ हा नंबर फळ्यावर लिहिला. आणि म्हणाल्या, ‘तास संपल्यावर मी त्या चिंचेखाली बसणार आहे. घाई नाही.’ दीड तास बसल्या. कोण आलं, पुढे काय झालं, हे या पानावर लिहायचं नाही. पोक्सो कायदा २०१२ चा आहे, कळल्यावर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे आणि डॉक्टरांना ते पाठ आहे, इतकंच.

‘मुलं बिघडतील’वाल्यांना मी हल्ली युनेस्कोचे अहवाल सांगत बसत नाही. (जगभरच्या अभ्यासांत अशा शिक्षणाने मुलं लवकर ‘सुरू’ होतात असं आढळलेलं नाही.) ती पेन्सिलीची चिठ्ठी सांगते. आता दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मासिक पाळीपासून सरोगसीपर्यंत सगळं छापलेलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर सुप्रीम कोर्टानेही म्हटलं, नववीची वाट बघू नका, त्याआधीच शिकवा. पण धडा छापला म्हणजे कुणी तो वर्गात वाचला, असं होत नाही ना!

आणखी एक चिठ्ठी राहिली. ‘मुलगी झाली तर आईचा दोष असतो का?’ अक्षर मुलग्याचं वाटत होतं. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या, २०११ मध्ये ८६३. ही चिठ्ठी त्या आकड्यांच्या पोटातून आलेली. डॉक्टरांनी खडू पक्याच्या हातात दिला, ‘इंजिनिअर, तुम्ही सांगा.’ त्याने फळ्यावर एक्स-एक्स काढले, एक्स-वाय काढले, बाण काढले. आई एक्सच देते, वाय असला तर बापाकडूनच. म्हणजे मुलगा की मुलगी हे बापाच्या पेशीवर ठरतं, आणि बापालाही ते निवडता येत नाही. छान सांगितलं, मार्कं मिळाली असती.

पक्याला दोन मुली आहेत. धाकटी झाली तेव्हा आम्ही पेढे घेऊन गेलो होतो, त्याच्या आईने पेढ्याला हात लावला नव्हता.

परतताना गाडीत तो गप्पच होता. रंकाळा दिसायला लागला तसं म्हणाला, ‘माझी बायको चार महिने दर गुरुवारी एका महाराजांकडं जात होती. आई घेऊन जायची. मीच सोडायला जायचो गाडीवरनं.’

मी काही बोलले नाही. सिग्नलला गाडी थांबली.

‘आईला हे एक्स-वाय कसं सांगायचं गं?’