उशाशी हवे ते यंत्र

मोटर न्यूरॉन विकारात स्नायू एकेक करून निकामी होतात आणि अखेरीस श्वासपटलही थकते. मुखवट्यातून दाबाने हवा देणारे बायपॅप यंत्र अशा वेळी आयुष्य वाढवते, हे इंग्लंडमधील २००६ च्या चाचणीने दाखवले. गिळण्या-बोलण्याचे स्नायू फारसे न बिघडलेल्या रुग्णांना मध्यक हिशेबाने २०५ दिवस अधिक मिळाले, आणि तेही सुसह्य. याउलट, श्वासपटलाला विद्युतस्पंदने देणारे महागडे उपकरण २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत चक्क घातक ठरले. नव्याच्या मोहात पडणाऱ्यांनी हे विसरू नये.

आपल्याकडे अडचण योजनांच्या रचनेत आहे. आयुष्मान भारतचे पाच लाखांचे कवच रुग्णालयातील दाखल्याशी बांधलेले. घरी परतल्यावर ते पंधरा दिवसांपुरते उरते. बायपॅप मात्र रोज रात्री, घरीच लागते. सोबत मुखवटे, कफ काढणारे यंत्र आणि वीज गेल्यास बॅटरी. २०१६ च्या कायद्याने दीर्घकालीन मज्जाविकारांना दिव्यांगत्व मानले आहे. मग व्हीलचेअरइतकाच या यंत्रावरही हक्क असायला हवा. जिल्हा रुग्णालयांनी प्रशिक्षित परिचारिकेच्या देखरेखीखाली ही यंत्रे उसनी द्यावीत. एका घरातील गरज संपली की यंत्र परत येईल आणि निर्जंतुक होऊन दुसऱ्या घरी जाईल.