शेत गहाण टाकण्याआधी...

परवा दवाखान्यात एक शेतकरी आईला घेऊन आले. आईचे दोन्ही गुडघे झिजलेले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, शहरात सेन्सर लावून सांधा बदलतात म्हणे. एकरभर शेत गहाण टाकतो."

हे सेन्सर म्हणजे काय? खुबा, गुडघा आणि घोटा यांचे मध्य एका रेषेत यावेत, फार तर ३ अंशांचा फरक राहावा, अशा बेताने सर्जन हाड कापतात. एरवी मांडीच्या हाडात सळई घालून हा कोन ठरवतात. नव्या पद्धतीत हाडावर छोटी डबी बसवून पाय गोल फिरवतात. आडवा धरताच मोबाईलचा पडदा फिरवणारे असतात त्याच जातीचे सेन्सर डबीत असतात. ते खुब्याचा मध्य शोधून कापाचा कोन दाखवतात. मांडीचे हाड वाकडे असेल किंवा त्यात जुनी सळई असेल, तर याचा खरा उपयोग.

परंतु एरवी त्यामुळे रुग्ण अधिक चांगला चालतो, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. तेव्हा केवळ डबीसाठी शेत गहाण टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने २०१७ साली मर्यादा घातली. म्हणून सांध्याचा आणि यंत्राचा खर्च वेगवेगळा लिहून मागा. सर्जन वर्षाला किती गुडघे बदलतात, हेही निःसंकोच विचारा. मधुमेह असल्यास साखर आधी आटोक्यात आणा.

डबी कोन दाखवील. ऑपरेशननंतर गुडघा मात्र आईलाच रोज वाकवावा लागेल.