विश्लेषण : मेनिन्जायटिसमध्ये पहिले काही तास निर्णायक का ठरतात?

सकाळी ताप, दुपारी डोकेदुखी आणि उलट्या, रात्री गुंगी. जिवाणूंमुळे होणारा मेनिन्जायटिस एवढा पल्ला एका दिवसात गाठू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, या आजाराच्या दर सहा रुग्णांपैकी एक दगावतो, तर दर पाचांपैकी एकाला गंभीर गुंतागुंतीला तोंड द्यावे लागते. यावर औषधे आहेत, लशीही आहेत. त्यातल्या एका लशीने तर आफ्रिकेतील साथीचे चित्रच पालटले आणि ती तयार झाली पुण्यात. मग अडते कुठे?

मेनिन्जायटिस म्हणजे नेमके काय?

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पातळ आवरणे असतात. त्या आवरणांना सूज येणे म्हणजे मेनिन्जायटिस. बोलीभाषेत आपण त्याला सरसकट ‘मेंदूज्वर’ म्हणतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. कारण जपानी मेंदूज्वर किंवा चांदीपुरा विषाणूचा आजार यांत सूज प्रामुख्याने मेंदूलाच येते. (चांदीपुरा विषाणूला हे नाव १९६५ मध्ये तो जिथे आढळला, त्या नागपूरजवळच्या गावावरून मिळाले.) दोन्ही आजारांची लक्षणे सारखी दिसू शकतात, पण कारणे, औषधे आणि लशी वेगवेगळ्या आहेत.

तो कशामुळे होतो?

विषाणू, जिवाणू, क्षयरोगाचे जंतू, बुरशी अशी अनेक कारणे आहेत. विषाणूंमुळे होणारा मेनिन्जायटिस बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. जिवाणूंमुळे होणारा मात्र जीवघेणा असतो. त्यात न्यूमोकॉकस, मेनिन्गोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ‘बी’ (हिब) हे तीन जिवाणू प्रमुख. नवजात बाळांमध्ये ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस’ हेही महत्त्वाचे कारण असते.

भारतात क्षयरोगाच्या मेनिन्जायटिसचा विचार वेगळा करावा लागतो. तो काही तासांत नव्हे, तर काही आठवड्यांत वाढतो. रेंगाळणारा ताप, डोकेदुखी, भूक मंदावणे, वजन घटणे, स्वभावात बदल अशी त्याची सुरुवात असते. त्यामुळे तो हमखास उशिरा ध्यानात येतो.

धोक्याची लक्षणे कोणती?

ताप, तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, उलट्या, उजेड सहन न होणे, गोंधळल्यासारखे वागणे, गुंगी किंवा झटके. ही सगळी लक्षणे एकाच वेळी दिसतीलच असे नाही. ‘मान वळते आहे ना, मग तसले काही नाही,’ असा निष्कर्ष घरच्या घरी काढणे घातक ठरू शकते.

तान्ह्या बाळांची मान अनेकदा आखडतच नाही. बाळ दूध पीत नसेल, किरकिर करत असेल, एरवीपेक्षा चिरक्या आवाजात रडत असेल, मलूल पडले असेल किंवा त्याची टाळू फुगलेली असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

मेनिन्गोकॉकसचा संसर्ग रक्तात पसरला, तर अंगावर लालसर-जांभळे ठिपके उठतात. काचेचा पेला दाबून धरल्यावरही ते फिके पडत नसतील, तर ती आणीबाणी समजावी. सावळ्या त्वचेवर हे ठिपके चटकन दिसत नाहीत. म्हणून तळहात, तळपाय आणि पापण्यांची आतली बाजूही पाहावी.

पाठीतून पाणी काढण्याची भीती किती खरी?

निदानाची सर्वांत भरवशाची चाचणी म्हणजे मणक्यातून थोडा द्रव काढून तपासणे. नेमक्या याच टप्प्यावर अनेक कुटुंबे थबकतात. ‘पाठीत सुई घातली की माणूस लुळा पडतो,’ हे वाक्य रुग्णालयाच्या आवारात हमखास कानावर पडते. नातेवाईकांची चर्चा होते, गावाकडे फोन जातात आणि त्यात मोलाचे तास निघून जातात.

वास्तव वेगळे आहे. मोठ्या माणसांत मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. चाचणीनंतर काही दिवस डोके किंवा कंबर दुखू शकते. गंभीर गुंतागुंत क्वचितच होते. मेंदूवरचा दाब वाढल्याची शंका असेल, तर डॉक्टर आधी सीटी स्कॅन करून घेतात. त्या द्रवातूनच आजार जिवाणूंचा, विषाणूंचा की क्षयरोगाचा, हे कळते आणि औषध त्यावर ठरते.

उपचार कसे होतात?

जिवाणूंची शंका आली की सेफ्ट्रिअॅक्सोनसारखे प्रतिजैविक थेट शिरेतून सुरू केले जाते. चाचणीला उशीर होणार असेल, तर औषध त्यासाठी थांबवून ठेवत नाहीत. अनेक रुग्णांना सूज आटोक्यात ठेवण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइडही देतात. क्षयरोगाच्या मेनिन्जायटिसचे उपचार साधारण ९ ते १२ महिने चालतात आणि ते मध्येच सोडून चालत नाहीत.

ताप आला की औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या आणून घेण्याची सवय इथे महागात पडते. त्याने आजार बरा होत नाही, उलट काही काळ झाकला जातो आणि नंतरच्या तपासणीत जंतू सापडणे अवघड होते.

रुग्ण वाचला म्हणजे सारे संपले, असेही नाही. ऐकू कमी येणे हा या आजाराचा नेहमीचा मागे राहणारा घाव. म्हणून घरी सोडण्यापूर्वी किंवा त्यानंतर चार आठवड्यांच्या आत श्रवणचाचणी व्हायला हवी. ती राहून गेली, तर शाळेत मागे पडणारे मूल ‘हट्टी’ किंवा ‘मंद’ ठरते. प्रत्यक्षात त्याला ऐकूच येत नसते.

तो इतरांना होतो का?

प्रत्येक प्रकार संसर्गजन्य नसतो. मेनिन्गोकॉकस मात्र खोकला, शिंक आणि निकटच्या सहवासातून पसरतो. अशा रुग्णाच्या घरातल्यांना किंवा वसतिगृहातल्या खोलीतील सोबत्यांना डॉक्टर प्रतिबंधक औषध देतात.

कोणत्या लशी उपलब्ध आहेत?

सरकारी लसीकरणात यापैकी बरेच काही मोफत मिळते. जन्मतः दिली जाणारी बीसीजी लस मुलांना क्षयरोगाच्या मेनिन्जायटिसपासून संरक्षण देते. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट लशीत हिबचा समावेश आहे. न्यूमोकॉकसवरील पीसीव्ही ही लस ६ आणि १४ आठवड्यांना, तर वर्धक मात्रा ९ महिन्यांना देतात. २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेली ही लस २०२१ मध्ये देशभर नेण्यात आली.

मेनिन्गोकॉकसची लस मात्र सार्वत्रिक लसीकरणात नाही. हज यात्रेकरूंना ती बंधनकारक आहे. प्लीहा काढलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी, तसेच परदेशी विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

पुण्याचा संबंध काय?

सेनेगलपासून इथिओपियापर्यंतचा पट्टा ‘मेनिन्जायटिस पट्टा’ म्हणून ओळखला जातो. १९९६-९७ च्या साथीत तिथे सुमारे अडीच लाख जण आजारी पडले आणि २५ हजार दगावले. परवडेल अशी लस हवी, ही तिथल्या देशांची मागणी होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘मेनआफ्रिव्हॅक’ २०१० मध्ये बुर्किना फासोपासून मोठ्या प्रमाणावर देण्यास सुरुवात झाली. एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी होती. त्यानंतर ‘ए’ गटाच्या साथी जवळपास नाहीशा झाल्या. आता पाच गटांवर चालणारी ‘मेनफाइव्ह’ ही लसही तिथेच तयार झाली असून, २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वप्रथम वापरात आणली.

पुढे काय व्हायला हवे?

२०३० पर्यंत या आजाराच्या साथी संपवायच्या आणि लशीने टाळता येणारे मृत्यू ७० टक्क्यांनी घटवायचे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट आहे. लस किती फरक घडवते, हे आफ्रिकेने दाखवून दिले. आपल्याकडे लस आणि औषध दोन्ही आहेत. वाया जातो तो वेळ. तालुक्याच्या रुग्णालयात संशय येताच पहिले इंजेक्शन द्यावे, मगच रुग्णाला पुढे पाठवावे, असा दंडक पडायला हवा. घरच्यांनीही बाळाचे लसीकरण कार्ड एकदा तपासावे. आणि तापासोबत गुंगी, झटके किंवा आखडलेली मान दिसली, तर ‘सकाळी बघू’ न म्हणता त्याच रात्री १०८ ला फोन करावा.