अनुकरणाची फिर्याद

रॉकसंगीताच्या दरबारात अलीकडे एक फिर्याद वारंवार गुदरली जाते, आणि तिचा मजकूर असा की, ज्या नव्या बँडांचे वादन कानी पडताच १९७० च्या सुमारास तारुण्यात असलेल्या रसिकांच्या माना आपोआप डोलू लागतात, ते सारे बँड पूर्वसूरींच्या मिळकतीवर बेकायदा कब्जा करून बसलेले आहेत. या खटल्यातील पहिला आरोपी म्हणजे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्रँकेनमथ गावचा ‘ग्रेटा व्हॅन फ्लीट’. किस्का आडनावाचे तीन भाऊ व त्यांचा एक मित्र, असे हे चौघे. त्यांच्या २०१८ च्या अल्बमला ‘पिचफोर्क’ या नियतकालिकाने दहापैकी १.६ गुण देऊन निकाल लावला. आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या ‘फ्रॉम द फायर्स’ला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचे ग्रॅमी मिळाले, तेव्हा फिर्यादी पक्षाचा संताप द्विगुणित झाला.

साम्य आहे, हे प्रथमच कबूल करून टाकतो. जॉश किस्काचा तारसप्तकात चढणारा गळा ऐकून ‘लेड झेपलिन’च्या रॉबर्ट प्लँटची आठवण ज्याला होणार नाही, त्याने आपले कान तपासून घ्यावेत, खुद्द प्लँटनेच ते साम्य बोलून दाखवलेले आहे. परंतु साम्य सिद्ध झाले की चौर्य सिद्ध झाले, हा तर्क कोणत्या शास्त्रातला? व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर रेटला की सुराला जी खरखरीत, भरीव धार चढते, ती त्या यंत्राचा गुणधर्म आहे. कोणा एका वादकाच्या घराण्याचे ते वतन नव्हे. ‘झेपलिन’चा गिटारवादक जिमी पेज याच्या हाती प्रामुख्याने १९५९ ची लेस पॉल गिटार असे, जेक किस्काच्या हाती १९६१ ची एसजी असते. दोहोंचा नाद सारखाच ऐकू येत असेल, तर ऐकणारा घाईत आहे.

शिवाय ज्या मिळकतीच्या नावाने हा दावा चालला आहे, तिची मूळ सनद तरी कोणी पाहिली आहे काय? ‘लेड झेपलिन’ने शिकागोच्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकांकडून इतके उचलले होते की, त्यांपैकी विली डिक्सनने १९८५ मध्ये बँडच्या ‘होल लॉटा लव्ह’ या गाण्याबद्दल दावा ठोकला आणि तो अखेर तडजोडीने मिटवावा लागला. हेच पेज आणि प्लँट १९७२ मध्ये मुंबईत येऊन येथील वादकांना बरोबर घेऊन आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करून गेले, व ते मुद्रण २०१५ पर्यंत अधिकृतपणे बाहेर आले नाही. जो स्वतः दारोदार हिंडून स्वर गोळा करीत होता, त्याच्या नावाने आज त्याच्याच वारसांना हद्दपार करणे हा अजब न्याय होय.

कोकणातल्या आमच्या कसाल परिसरात असली फिर्याद कोणी ऐकूनही घेणार नाही. दोन भजनी बुवांचे सवाल-जवाब रंगणाऱ्या डबलबारीच्या रात्री एखादा विशीतला पोरगा हार्मोनियमवर बोटे ठेवून पहिला आलाप घेतो, पखवाज त्याला उचलून धरतो, आणि मागच्या रांगेतला म्हातारा श्रोता शेजाऱ्याला कोपर मारून म्हणतो, ‘अगदी बुवांचोच गळो!’ ही पसंतीची पावती असते. मात्र तोच म्हातारा पहाटेपर्यंत बसून हेही पाहतो की, समोरच्या बुवाने टाकलेल्या सवालाला पोरगा पाठ केलेले उत्तर देतो की स्वतःचे. तेथे उसना गळा कामाला येत नाही.

शास्त्रीय संगीतातही हेच दिसते. बेळगावकडील सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवी, आणि त्या अद्भुत नकलेवर सभा फिदा होत. त्या वयातच त्याच्यावर अनुकरणाचा शिक्का मारून त्याला सभाबाह्य केले असते, तर १९६५ चा ‘अनूपरागविलास’ लिहिणारे कुमार गंधर्व महाराष्ट्राला मिळाले असते काय? गुरू देवधरांच्या तालमीत त्याला काही वर्षे मिळाली. आजच्या समीक्षकाला मात्र पहिल्या अल्बममध्येच पुढे देवासला राहिलेला परिपक्व कुमार हवा असतो.

याचा अर्थ या नव्या मंडळींना सरसकट माफी द्यावी असा नाही. त्यांतील कित्येक जण लांब केस आणि जुन्या धाटणीचे कपडे यांपलीकडे गेलेले नाहीत, आणि त्यांची वकिली करण्याची मला हौस नाही. कसोटी काळाची लावावी. मुंबईचे ‘रॉक मशीन’ १९८४ मध्ये उभे राहिले ते परदेशी बँडांची गाणी वाजवीत; १९८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, पुढे ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, आणि उदय बेनेगल व महेश तिनईकर यांनी २०१२ च्या ‘इव्हॉल्व्ह’मध्ये जे वाजवले, त्याला नक्कल म्हणण्याची छाती कोणाची होणार नाही. ‘ग्रेटा व्हॅन फ्लीट’नेही २०२१ च्या अल्बममध्ये दीर्घ, विस्तीर्ण रचनांकडे मोहरा वळवला आहे. गंगटोकचे ‘गिरीश अँड द क्रॉनिकल्स’ तर १९८० च्या दशकातील हार्ड रॉकची निष्ठा उघड मिरवतात. त्यांच्या गिरीश प्रधानचा गळा ऐकून इटलीतील एका कंपनीने २०२२ मध्ये त्यांचा अल्बम काढला. त्या गळ्याला कोणाच्या दफ्तरी नोंदवायचे, हा प्रश्न फिर्यादींनी खुशाल चघळीत बसावे. तो अल्बम ऐकायला त्यांच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.