जोडणे, टाचणे आणि टाच

आमच्या एका स्नेह्यांच्या पेढीवर घडलेली गोष्ट. धाकट्या चिरंजीवांच्या मोबाइलवर बँकेचा इंग्रजी संदेश आला की, आपले चालू खाते 'अटॅच' करण्यात आले आहे. चिरंजीव वाणिज्य पदवीधर, शिक्षण सारे इंग्रजी माध्यमात. खाते आधारशी जोडतात, पॅनशी जोडतात, तसेच ते आणखी कशाशी तरी जोडले गेले असावे असे समजून त्यांनी संदेश बाजूला सारला. तिसऱ्या दिवशी हळदीच्या व्यापाऱ्याला दिलेला धनादेश न वटता परत आला. वडिलांनी संदेशाचा मजकूर जुन्या दिवाणजींना वाचून दाखवला. इंग्रजी जेमतेम जाणणारे दिवाणजी एवढेच म्हणाले, "शेठ, खात्यावर टाच आली."

चिरंजीवांना शब्द ठाऊक होता, पण त्याचा एकच अर्थ ठाऊक होता. वास्तविक 'अटॅच' हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि त्याच्या मुळाशी खांब, खुंटा असा अर्थ आहे. इंग्लंडच्या कायद्यात ते प्रथम रुळले ते माणसाला अटक करणे, मालमत्ता अडकवून ठेवणे या अर्थाने. एका वस्तूला दुसरी वस्तू जोडणे हा आज सर्वपरिचित असलेला अर्थ इंग्रजीत पुष्कळ नंतर प्रचारात आला. आपल्या 'टाच' शब्दाचा आणि 'अटॅच'चा उच्चार जवळचा वाटतो खरा. पण तेवढ्यावरून त्यांची सोयरीक जुळवण्याचा मोह वाचकांनी आवरावा.

टाच येते, बसते आणि उठते. स्थावर मिळकतीवर ती आली, तरी मिळकत जागच्या जागी असते. मात्र ती विकण्याचा वा गहाण ठेवण्याचा मालकाचा हात बांधला जातो. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्यातील कलम ८३ अन्वये बँक खात्यावरही तात्पुरती टाच आणता येते आणि आदेशापासून एक वर्ष उलटले की तिचा अंमल संपतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिचे कलम ६० तर प्रत्येक व्यापारी घराने एकदा वाचावे असे आहे. हुकूमनाम्याच्या बजावणीत ऋणकोच्या घरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून दूर करता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे आणि हिशेबाची वहीखाती यांना टाच लागत नाही. दुकानातला माल जाईल, वही मात्र घरातच राहील.

एरवी जोडण्या-टांगण्याच्या क्रियांना मराठीने किती वेगवेगळी नावे दिली आहेत! तोरण आपण बांधतो, आकाशकंदील टांगतो, छत्री खुंटीला अडकवतो. पदर खोचतो, गजरा माळतो, मोती ओवतो, फुले गुंफतो. बैल गाडीला जुंपतात, म्हैस दाव्याला बांधतात, रेल्वेचा डबा मात्र इंजिनाला जोडतात. पाकिटावर तिकीट डकवतात. हिरा कोंदणात जडवतात. तो कोणी 'चिकटवला' असे म्हटले, तर गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरेल. धान्याच्या गोणीचे तोंड दाभणाने सुतळी घालून शिवतात आणि जुन्या पेढ्यांवर चिठ्ठ्या तारेत ओवून ठेवीत. ही तार खुंटीला टांगलेली असे. वर्षाअखेर ती उतरवली की वर्षभराचा व्यवहार क्रमाने हाती येई. प्रत्येक क्रियापदात दोरा, खिळा, गाठ की डिंक याचा निर्णय आधीच झालेला असतो. आमच्या नातवंडांना यांपैकी 'लावणे' आणि 'अटॅच करणे' एवढी दोनच पुरतात.

इंग्रजीतही असा भेद नाही असे नव्हे. चांगल्या व्यापारी पत्रात मुद्रांक 'अफिक्स' होतो, सही 'अपेंड' होते, धनादेश 'एन्क्लोज' होतो. मराठी पत्राच्या तळाशी 'सोबत : वरीलप्रमाणे' लिहिले की काम भागते, आणि त्या कागदाला 'सहपत्र' हा सुटसुटीत शब्द आहे. कागदाला कागद टाचणीने टाचावा. पण देण्यासंबंधीच्या पत्रात 'गोदाम अटॅच आहे' असे मोघम लिहू नये. शेजारच्या इमारतीला लागून आहे की त्यावर टाच आहे, हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे?

मनाच्या व्यवहारात तर घोळ अधिकच. "मला त्या घराची अटॅचमेंट आहे," असे आपल्या सुनाबाळी सहज म्हणतात. जीव लागतो, जीव जडतो, जीव गुंततो या तिघांत फरक आहे. आणि जीव टांगणीला लागतो तो निराळाच, त्यात माया कमी आणि धास्ती जास्त. शास्त्रात या ओढीला 'राग' म्हणतात. रोजच्या मराठीत राग म्हणजे क्रोध. त्यामुळे पाठशाळेतील एका मुलीने 'वीतराग' म्हणजे ज्याला कधीच राग येत नाही तो, असे आत्मविश्वासाने सांगितले. शिक्षिकेने तिला चूक म्हणण्याऐवजी 'निर्ग्रंथ' शब्दाचा अर्थ विचारला. मुलगी म्हणाली, "ज्याच्याजवळ पुस्तक नाही तो." ग्रंथ म्हणजे मुळात गाठ, आणि निर्ग्रंथ तो की ज्याला कशाचीही गाठ उरली नाही, हे समजावण्यात त्या दिवशीचा तास संपला.

स्नेह्यांच्या खात्याचे प्रकरण जुन्या करथकबाकीचे निघाले. भरणा झाल्याची पावती दिवाणजींनी तारेतल्या चिठ्ठ्यांतून शोधून काढली, वकिलांनी ती सादर केली आणि टाच उठली. चिरंजीवांनी त्याच संध्याकाळी घरच्या सर्वांना मोबाइलवर कळवले, "अकाउंट डिटॅच झाले."